वाट गावाची, चाकं पाहुण्यांची

जून लागला की बेळगावात दोन निरोप साधारण एकाच आठवड्यात फिरायला लागतात. एक सरकारी असतो: खानापूर तालुक्यातल्या धबधब्यांकडं जायला बंदी, परवानगीशिवाय जंगलात शिराल तर गुन्हा दाखल होईल. दुसरा मोबाइलवरच्या ग्रुपांत येतो: रविवारी पहाटे साडेपाचला जमायचं, जांबोटीला चहा-नाश्ता, पुढं कच्चा रस्ता, गाडी फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी) असली तरच या. दोन्ही निरोप वाचणारी माणसं पुष्कळदा तीच असतात. पहिला वाचून सोडून देतात, दुसऱ्याला ‘येतो’ म्हणून कळवतात.

बंदीचं पुढं काय होतं ते कुठल्याही पावसाळी रविवारी जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर दिसतं. नाक्यावर पोलीस किंवा फॉरेस्टचा गार्ड उभा असला तर गाड्या डांबरावरून सरळ चोर्ल्याकडं निघून जातात. नसला तर डाव्या-उजव्या हाताच्या पाणंदीत वळतात. फलक बहुतेक कानडीत असतात, म्हणून पुण्या-कोल्हापूरकडच्यांना ‘आम्हाला वाचता आलं नाही’ असं म्हणायला सोय होते. बेळगावच्या माणसाला वाचता येतं, आणि तोही वळतोच. भाषेचा वाद आपल्याकडं सगळीकडं शिरतो, पण या भानगडीत त्याला ओढायचं कारण नाही.

मी स्वतः फोर-बाय-फोर चालवतो आणि त्यात मला आनंद मिळतो. तेव्हा हा लेख गाड्यांविरुद्धचा नाही. पण सध्याची व्यवस्था मला कुणाच्याच फायद्याची दिसत नाही: कागदावर सगळ्यांना बंदी, प्रत्यक्षात ज्याची गाडी मोठी त्याला मोकळीक, आणि ज्या गावांच्या वाटा चिरडल्या जातात त्यांना कुणी विचारतही नाही. माझं म्हणणं असं की कच्च्या वाटांवरून गाडीनं हिंडायला परवानगी असावी. मात्र कोणती वाट, कुठल्या महिन्यात, दिवसाला किती गाड्या, हे त्या वाटेवर ज्यांची घरं आणि खाचरं आहेत त्या गावांनी ठरवावं. येणारा पैसा गावात राहावा. आणि पावसाळ्यात गाव नको म्हणालं तर तिथं विषय संपावा.

या मुलखाला खुष्कीचा प्रवास नवा नाही. रामघाटानं बेळगाव आणि कोकण जोडलेलं होतं तेव्हा लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ लादून वर येत आणि धान्य घेऊन खाली उतरत. पुढं पारपोली घाटाचा, म्हणजे आंबोलीचा, गाडीरस्ता झाला आणि वेंगुर्ल्याचा माल बैलगाडीनं चढू लागला. जीप आली ती लष्करामागून. महिंद्रानं 1947 मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावातच असल्यामुळं बेळगावकरांना जीप, जोंगा, मागाहून जिप्सी ही वाहनं परकी कधीच वाटली नाहीत. लष्कराच्या लिलावातली जिप्सी घेऊन ती सहा महिने गॅरेजात उघडून ठेवणारे हौशी अजूनही आहेत.

पण कच्च्या रस्त्यावरचा खरा उस्ताद मला विचाराल तर वडापवाला, म्हणजे गावोगावची माणसं भरून नेणारा खासगी जीपवाला. कमांडर किंवा ट्रॅक्स, मागच्या दोन चाकांनाच ताकद, टायर गुळगुळीत, आत पंधरा माणसं, टपावर भाताची पोती नि कोंबड्यांची पाटी, आणि समोर ओढ्याला आलेलं पाणी. तो थांबायचा, उतरून काठीनं खोली बघायचा, आणि जमत नसलं तर माणसांना पलीकडं चालत जायला सांगून गाडी परत फिरवायचा. कुठली वाट कधी चालते हे त्याला कुठल्या ॲपनं सांगितलेलं नसायचं. वाट खराब केली तर दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं त्यालाच जायचं असायचं. आजच्या रविवारच्या चालकात आणि त्याच्यात कौशल्याचा फरक असेलही, पण मोठा फरक या सोमवारचा आहे.

आता हौशी गाड्या किती वाढल्या ते बघा. पहिली थार 2010 साली आली तेव्हा ती थोड्यांचीच गाडी होती. आतून सजवून नवी थार 2020 च्या गांधी जयंतीला बाजारात आली आणि चित्रच पालटलं. 2023 मध्ये जिम्नी आली, 2024 मध्ये पाच दरवाजांची थार रॉक्स. मध्यंतरी थारची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्तीही निघाली, आणि रस्त्यावर दिसणाऱ्या कित्येक थार त्यातल्याच असतात. दिसायला तीच, चिखलात मात्र साध्या गाडीसारखीच रुतणार. ती ओढून काढायला मग गावचा ट्रॅक्टर.

गाडी जमिनीचं काय करते हे समजून घेतल्याशिवाय या वादाला अर्थ नाही, म्हणून जरा विस्तारानं सांगतो. फोर-बाय-फोरचा लो रेंज गिअर टाकला की चाकांना ताकद भरपूर मिळते आणि वेग एकदम कमी होतो. जाणता चालक टायरमधली हवा एरवीच्या तीसेक पॉइंटवरून वीसच्या आसपास उतरवतो. टायर जमिनीवर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं, चाक घसरत नाही. गाडी चालण्याच्या वेगानं, इंजिन न गुरगुरता, दगडावरून उतरते. अशा गाडीचा माग कोरड्या दिवसांत बैलगाडीच्या मागापेक्षा फार वेगळा नसतो. नुकसान होतं ते चाक जागच्या जागी फिरतं तेव्हा. इंजिनाची ताकद दोन बाजूंच्या चाकांत वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलची खोडच अशी की ज्या चाकाला पकड नाही त्यालाच ताकद मिळते. मग ते भिरभिरतं, वरचा मऊ थर उडवतं आणि खाली खोबण पाडतं. आणि व्हिडिओत नेमकं हेच उत्तम दिसतं: चाकाखालून उडणारा लाल चिखल. शांतपणे पार झालेला ओढा कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

ती खोबण आपल्या पावसात फार दिवस खोबण राहत नाही. कणकुंबी-आमगावचा पट्टा कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांत मोडतो. चाकाखाली दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते चाकोरीनं धावतं. जूनमध्ये वीतभर असलेली चाकोरी ऑगस्टमध्ये गुडघाभर होते. पुढच्या रविवारी येणारी गाडी ती टाळायला शेजारून जाते, म्हणजे बांधावरून, आणि वाट एका गाडीच्या रुंदीची तीन गाड्यांची होते. दिवाळीत त्याच वाटेनं भाताच्या पेंढ्या भरलेली बैलगाडी आणायची असते. तिचा आस मोडला तर त्याचा व्हिडिओ निघत नाही.

सड्यांची गोष्ट त्याहून नाजूक आहे. चोर्ला, चिगुळे, आंबोली या भागांतले जांभ्या दगडाचे सडे उन्हाळ्यात ओसाड माळासारखे दिसतात, म्हणून तिथं गाडी फिरवायला काय हरकत, असं कुणालाही वाटावं. दगडाच्या खळग्यांत बोटभर माती असते. पाऊस पडला की त्या बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सोनकी पाळीपाळीनं फुलतात. ती माती साचायला किती पिढ्या गेल्या असतील कोण जाणे, पण एका कट मारलेल्या टायरला ती खरवडायला क्षण पुरतो. आंबोलीच्या सड्यावर राहणाऱ्या एका छोट्या भेकाची 2009 मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली. त्याला आंबोली टोड म्हणतात, आणि अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. पावसाच्या सुरुवातीला सड्यावरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. आपल्याला गाडीनं उडवायला आवडतात तीच ही डबकी. आपल्या चोर्ल्याकडून 2007 मध्ये देवगांडुळाची, म्हणजे गांडुळासारख्या दिसणाऱ्या बिनपायांच्या उभयचराची, एक जात नोंदली गेली, तिला नाव म्हादई नदीचं दिलं आहे. देवगांडूळ मातीच्या आत राहतं. आपण त्याच्यावरून गेलो हे आपल्याला कळायचंही नाही.

आणि या सगळ्याच्या मधोमध भीमगड. 2011 मध्ये अभयारण्य घोषित झालेला हा सुमारे 190 चौरस किलोमीटरचा पट्टा काळी व्याघ्र प्रकल्प आणि गोव्यातलं म्हादई अभयारण्य यांच्यामध्ये येतो. त्याच जंगलातल्या बारापेडे गुहांतल्या वटवाघळाची 1913 मध्ये शास्त्रज्ञांनी नोंद केली, आणि कित्येक दशकं जगात त्याचं हे एकच ठिकाण ठाऊक होतं. अशा ठिकाणी हौसेच्या गाड्यांना वाट मोकळी करा असं मी म्हणणार नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं 27वं कलम अभयारण्यात कोण जाऊ शकतो ते नीट सांगतं: कामावरचा सरकारी नोकर, परवानाधारक, आत जमीन-घर असलेले लोक, सार्वजनिक हमरस्त्यावरून जाणारे, आणि यातल्या पहिल्या तिघांवर अवलंबून असलेली माणसं. रविवारची मिरवणूक यात कुठं बसत नाही. तिथं बंदी असावी, आणि ती पाळायला लावावी.

पण बंदीचा विषय निघाला की मला दुसरी एक गोष्ट आठवते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचा गाभा तिथंच आहे.

2024 च्या पावसाळ्यात आमगावातल्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी लाकडाच्या डोलीत घालून, जंगलातून, वाहत्या ओढ्यांवरून, किलोमीटरमागून किलोमीटर खांद्यावर आणलं, तेव्हा कुठं रुग्णवाहिकेपर्यंत पोचता आलं. तो व्हिडिओ राज्यभर फिरला. मंत्र्यांची विधानं झाली, पुनर्वसनाची चर्चा झाली. पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, भीमगडमधल्याच तळेवाडीच्या कुटुंबांनी भरपाई घेऊन जंगलाबाहेर यायचं मान्य केलं. गवाळी, पास्टोली, कोंगळा, कृष्णापूर, देगाव, मेंडील या गावांत हा विषय अजून धुमसतोच आहे. काहींना बाहेर यायचं आहे, काहींना देव, देवराई, जमीन सोडून यायचं नाही, आणि भरपाईच्या रकमेत खानापुरात घर तरी होईल का, हा हिशेब प्रत्येक जण चुलीपाशी करतो आहे.

अशा गावांना रस्ता मागितला की उत्तर ठरलेलं: अभयारण्य आहे, डांबर घालता येत नाही, पूल बांधता येत नाही. हे उत्तर कायद्यानंही पुरतं खरं नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या 3(2) कलमात शाळा, दवाखाना, रस्ते अशा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीनं एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते, आणि हेक्टरी 75 पर्यंत झाडं तोडायची मुभाही त्यात आहे. ते असो. माझा मुद्दा पुढचाच आहे. जी वाट आजारी माणसासाठी दुरुस्त करायची नाही कारण तिथं जंगल आहे, त्याच जंगलाच्या कडेच्या वाटांवर 15 लाखांच्या गाड्या चिखल उडवत फिरतात आणि त्यांना अडवायला आठवड्यातून एखादा गार्ड मिळतो. अवघड वाटेवरून जाण्याची ताकद असलेलं वाहन या तालुक्यात आहे, भरपूर आहे. फक्त ते ज्यांना गरज आहे त्यांच्याकडं नाही.

म्हणून फोर-बाय-फोरबद्दलची पहिली मागणी पर्यटनाची असू नये. कणकुंबी किंवा जांबोटीला पावसाळ्याचे चार महिने एक फोर-बाय-फोर रुग्णवाहिका उभी असली पाहिजे. लष्कर असली वाहनं कधीपासून वापरतं, म्हणजे शोध काही लावायचा नाही. एक गाडी, दोन चालक, दोऱ्या आणि विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोरानं ओढून काढणारं यंत्र. डांबर न घालता, झाडाला हात न लावता होण्यासारखं हे काम आहे. आमगावच्या सगळ्या वाटेवर ती जाणार नाही हे मला मान्य आहे, काही ओढे पावसाळ्यात कुठल्याच चाकाला ओलांडता येत नाहीत. पण खांद्यावरचं अंतर अर्ध्यावर आलं तरी तेवढं अंतर आजाऱ्याच्या दृष्टीनं थोडं नसतं.

‘मग आमच्या गाड्या घ्या की, आम्ही येतो मदतीला,’ असं हौशी मंडळी म्हणतात आणि मनापासून म्हणतात. 2018 च्या केरळच्या पुरात जीपवाल्या हौशी लोकांनी खरंच मोठं काम केलं. 2019 मध्ये कृष्णा-घटप्रभेला पूर आला तेव्हा आपल्याकडंही जो तो आपापल्या वाहनानं धावला. ही वृत्ती चांगलीच आहे. पण पुरात धावून जाणं आणि दर जुलैत दर आजाऱ्याला दवाखान्यात पोचवणं यात फरक आहे. दुसरं काम पगारी माणसाचं आणि सरकारचं आहे, ते हौशीवर सोडलं की सरकार निवांत होतं.

आता हिंडण्याकडं येऊ. जगात जिथं जिथं गाडीनं रानात हिंडण्याची परंपरा मुरलेली आहे, तिथं एक भेद काटेकोर पाळतात: कच्चा रस्ता वेगळा आणि रस्ताच नसलेली जमीन वेगळी. आइसलँडसारख्या देशात, जिथं अवाढव्य टायरच्या जीप म्हणजे रोजचं दृश्य, तिथं रस्ता सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे. आतल्या डोंगरी भागातले रस्ते तर बर्फ वितळून जमीन वाळेपर्यंत उघडतच नाहीत. ऑस्ट्रेलियात आतल्या भागात पाऊस पडला की मातीचे रस्ते बंद केल्याचे फलक लागतात आणि बंद रस्त्यावर चाक घातलं तर दंड बसतो. तिथल्या लोकांना गाडीची हौस आपल्यापेक्षा कमी आहे असं कुणी म्हणणार नाही. आपण मात्र त्यांच्याकडून रूफ टेंट, स्नॉर्कल आणि विंच घेतलं, आणि बंद मोसमाची शिस्त तिथंच ठेवून आलो.

मुळात या प्रवासाची शान लांबच्या वाटचालीत होती. 1955-56 मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची सहा पोरं दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून सिंगापूरला गेली. ती असंख्य गावांतून, परक्या लोकांच्या जमिनींवरून, त्यांना विचारत, त्यांच्याकडून इंधन-पाणी घेत गेली. अशी वाटचाल आपल्याकडंही करता येते: बेळगावातून निघून खानापूर, लोंढा, जगलबेट, जोयडा, तिथून कारवारकडं. किंवा चंदगड, पारगड, तिलारीचा उतार, दोडामार्ग आणि परत चोर्ल्यानं वर. हे रस्ते तीन राज्यांतून जातात. बहुतेक डांबरी, मध्ये मध्ये तुटलेले, वाटेत चार भाषा आणि शंभर वळणं. हिवाळ्यात चार दिवस घेऊन हे फिरून बघा. गाडी रुतवायची गरज पडत नाही. धनगरांच्या वाड्यावरच्या ताकाची चव मात्र कळते, आणि कुठल्या गावात वाहनाला किती मोल आहे तेही.

गावानं नियंत्रण ठेवायचं म्हटलं की दोन उदाहरणं समोर येतात. एक आपल्या अगदी पलीकडचं. गोव्यातल्या कुळ्याहून दूधसागरला जायला पर्यटकाला स्वतःची गाडी आत नेता येत नाही. स्थानिकांच्या जीप आहेत, त्यांची संघटना आहे, आत भगवान महावीर अभयारण्यातून ठरलेल्या वाटेनंच जायचं, आणि पावसाळ्यात तीन-चार महिने हे सगळं बंद. कित्येक घरं या जीपवर चालतात. दुसरं साताऱ्याजवळच्या कासचं. जागतिक वारशात 2012 मध्ये पश्चिम घाट गेला त्यात ते पठार आहे, आणि फुलांच्या हंगामात तिथली व्यवस्था, शुल्क आणि गर्दी आसपासच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर सांभाळतात.

दोन्हीकडं सगळं आलबेल आहे असं मला म्हणायचं नाही. कुळ्याला बुकिंगचा काउंटर कुणाच्या हातात असावा यावरून जीपमालक आणि सरकार यांची चांगलीच जुंपली होती. दिवसाकाठी इतक्या जीप त्याच ओढ्यांतून जातात की त्या वाटेला जंगलवाट म्हणणंही धाडसाचं. कासला कुंपण घातलं तेव्हा त्यानं फुलं वाचली की गुरांचं चरणं थांबून उलट बिघडलं, यावर अभ्यासकांत वाद झाले. पैसा आला की गावात दोन तट पडतात हेही खरं. जीप घ्यायची ऐपत असलेल्याचं घर वर जातं आणि बाकीचे त्याच्या जीपला रस्ता करून देतात. असं खानापुरातही होऊ शकेल. पण हे भांडण गावातलं असेल, गावात सुटेल किंवा चिघळेल. आज तर गावाला भांडायलाही काही मिळत नाही. रविवारी चाळीस गाड्या येऊन जातात आणि मागं वेफर्सची पाकिटं, फुटक्या बाटल्या आणि मोडलेला बांध राहतो.

कायद्यानं अडचण आहे का? अभयारण्याबाहेरच्या गावरस्त्यांची देखभाल ग्रामपंचायतीकडंच असते. पाणंद नि गाडीवाट गावाच्या नकाशावर असते. अमुक वाट जून ते सप्टेंबर बाहेरच्या वाहनांना बंद, असा ठराव ग्रामसभेनं करावा आणि तहसीलदार-पोलिसांनी त्यामागं उभं राहावं, एवढंच लागेल. राखीव जंगलातून जाणाऱ्या वाटांवर वनखात्याची परवानगी लागणारच. तिथं खात्यानं गावाला बरोबर घ्यावं. ट्रेकिंगच्या बाबतीत कर्नाटकानं हे अर्धवट का होईना करून दाखवलं आहे: जानेवारी 2024 मध्ये कुमार पर्वतावर झुंबड उडाली, ट्रेक थांबवले गेले, आणि नंतर ऑनलाइन नोंदणी करून मोजक्याच लोकांना सोडायची पद्धत सुरू झाली. पायी जाणाऱ्याची संख्या मोजता येते तर दोन टनांच्या गाडीची का मोजता येऊ नये?

‘गावकऱ्यांना काय कळतंय पर्यावरणातलं,’ हा सूर शहरातल्या निसर्गप्रेमींकडून येतो तेव्हा मला राग येतो. गावात झाडं तोडणारे आहेत, शिकारीला जाणारे आहेत, हे नाकारायचं कारण नाही. पण तरवा लावून झाल्यावर खाचराच्या बांधावर गाडी चढवू नये हे कळायला पर्यावरणशास्त्राची पदवी लागत नाही, आणि कुठल्या ओढ्याची वाळू कधी खचते हे खात्याच्या नकाशात नसतं. शिवाय निसर्गप्रेमींना विचारायला हरकत नाही की बंदीनं आजवर काय वाचलं. रखवालदार कमी आणि जंगल मोठं असेल तर बंदी म्हणजे चोरून जायचं आमंत्रण. गावातली पोरं नाक्यावर पावती फाडत बसली असतील तर त्यांना चुकवून जाणं अवघड, कारण ती गाडी ओळखतात, आणि गाडीवाल्याच्या मामाचं गावही बहुतेक त्यांना ठाऊक असतं.

गाडीवाल्यांची तक्रार वेगळी, आणि तिच्यात तथ्य आहे. ते म्हणतात, कणकुंबीला कळसा नाल्याच्या कालव्यासाठी सरकारी यंत्रांनी जमीन उभी चिरली. 2018 मध्ये म्हादई पाणीवाटप लवादानं कर्नाटकाच्या वाट्याला पाणी दिलं तरी वाद अजून कोर्टात लोंबकळतो आहे, आणि तो कोरलेला कालवा तिथंच पडून आहे. घाटरस्ते रुंद करताना झाडं पडतात ती वेगळी. आमच्या टायरच्या चाकोरीवर एवढा आरडाओरडा कशाला? यावर माझं उत्तर इतकंच की सरकारच्या जेसीबीविरुद्ध बोलायला मीही येतो, पण जेसीबी बोलावताना ‘निसर्ग अनुभवायला चाललोय’ असं कुणी लिहीत नाही. आपण लिहितो. ज्या निसर्गाच्या नावानं आपण गाडीवर स्टिकर चिकटवतो त्याचा हिशेब आपल्याकडंच मागितला जाणार.

आणखी एक तक्रार मी ऐकतो: पावसाळा बंद केला तर मजाच गेली, हिवाळ्यात धूळ खायला कोण जाईल? हे खरं बोलणं आहे, आणि त्यातच प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. ज्यांना प्रवास हवा त्यांच्यासाठी ऑक्टोबर ते मे पुष्कळ आहे. ज्यांना चिखल हवा त्यांना गावाची पाणंद आणि सडा लागत नाही, चिखल लागतो. तो आपल्याकडं विकत मिळण्यासारखा आहे. खानापूर तालुका विटा-कौलांसाठी नावाजलेला. मातीसाठी खोदून सोडलेल्या जागा, बंद पडलेल्या दगडखाणी, पडीक आवारं या भागात शोधली तर सापडतील. मालकाशी करार करावा, भाडं द्यावं, विमा उतरवावा, सुरक्षेची नीट व्यवस्था ठेवावी, आणि भर जुलैत तिथं हवे तेवढे दिवस चिखल उडवावा. केरळात, गोव्यात अशा बंदिस्त जागांवर ऑफ-रोड स्पर्धा होतातच. तिथं गाडी रुतली तर ओढायला दुसरी असते, माणूस जखमी झाला तर रुग्णवाहिका फाटकापाशी उभी असते, आणि नवशिक्याला लो रेंज म्हणजे काय, हवा कधी उतरवायची, विंचच्या ताणलेल्या दोरावर पाय का टाकायचा नाही, हे शिकवायला जाणती माणसं मिळतात.

अशी एखादी जागा बेळगावच्या हौशी मंडळींनी येत्या उन्हाळ्यातच बघून ठेवायला हवी. पैसा त्यांच्याकडं आहे, यंत्रं आहेत, आणि खानापुरात जमीन भाड्यानं द्यायला तयार असलेले विटावाले शोधायला फारसं लांब जावं लागणार नाही. पाणंदींच्या ठरावाला वेळ लागेल, ग्रामसभा भरेल, तहकूब होईल, पुन्हा भरेल, कुणाचा तरी चुलता आडवा येईल. मातीच्या खाणीसाठी मात्र एक करारनामा आणि एक टँकर पाणी पुरे, तेही पाऊस ओढ देईल तरच.